दोन तासांचे वेरूळ

दिवाळी उलटली की गुलमंडीतील घराघरांतून हल्ली एक नवीच चर्चा ऐकू येते. पूर्वी ह्या दिवसांत पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी-रामेश्वर ह्यांचे बेत होत. आता नाताळच्या सुटीत पॅरिस, व्हिएन्ना, प्राग अशी नावे निघतात. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीस असते, आईबापांस आग्रहाचे बोलावणे येते, आणि सात दिवसांत तीन शहरे कशी बसवावी ह्याचे टाचण तयार होऊ लागते. लोकरीचे कपडे कोठे घ्यावे, बरोबर कोणता फराळ न्यावा, ह्या प्रश्नांची उत्तरे गुलमंडीतच मिळतात. पाहावयाचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र मंडळी दुसऱ्या कोणाच्या तरी यादीतून उतरवून घेतात, आणि परत आल्यावर त्या यादीपुढे खुणा केलेल्या दाखवितात.

ह्या हौसेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. सवड थोडी, पैसा मोजका आणि शहर मोठे, अशा स्थितीत यादी करणे ओघानेच येते. परंतु ह्या प्रश्नाला एक उलटी बाजू आहे, आणि ती इतिहासाची आहे. युरोपातील शहरे थंडीच्या दिवसांत झटपट पाहून येण्याची रीत आपल्यात नवी असली, तरी युरोपातील माणसाने थंडीत येऊन आपले शहर झटपट पाहून जावे, हा प्रकार साडेतीनशे वर्षांचा जुना आहे. मलिक अंबराने १६१० साली वसविलेली खडकी, १६२६ नंतर काही काळ फतेहनगर, १६५३ पासून औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी नावे बदलीत आलेल्या ह्या गावाने असे पाहुणे पुष्कळ पाहिले. त्यांनी येथे काय पाहिले, कसे पाहिले आणि काय त्यांच्या दृष्टीतून निसटले, हे तपासले तर आपल्या टाचणावर थोडा प्रकाश पडतो.

आधी थंडीच का, हे सांगितले पाहिजे. युरोपातून किंवा इराणच्या आखातातून येणारी शिडाची जहाजे वाऱ्यावर अवलंबून असत. पावसाळा ओसरल्यानंतरच ती सुरतेस लागत, आणि पुढचा पावसाळा धरण्यापूर्वी त्यांना निघावे लागे. जमिनीवरचीही गोष्ट तीच. दसऱ्यापर्यंत दख्खनच्या काळ्या मातीत बैलगाडीचे चाक फिरत नाही. नद्यांना उतार मिळत नाही. तेव्हा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जे काय हिंडणे होई ते होई. थंडीतला प्रवास आज आपण हौस म्हणून करतो. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता.

अशा प्रवाशांत जाँ बाप्तिस्त ताव्हेर्निये ह्याचे नाव बहुतेकांस ठाऊक असते. तो जवाहिरांचा व्यापारी. सुरतेहून गोवळकोंड्यास हिऱ्यांच्या खरेदीला जाताना हे शहर त्याच्या वाटेवर पडे. औरंगाबादेपासून पाच मजलांवर त्याला तीनशेहून अधिक गाड्यांचा एक तांडा भेटला. प्रत्येक गाडीत पांढरा संगमरवर भरलेला, आणि त्यांतील लहानात लहान गाडीलाही बारा बैल जोडलेले. हा दगड लाहोरकडून येत असून वाटेत चार महिने मोडतात, असे त्याला सांगण्यात आले. दगडाची खाण वस्तुतः राजपुतान्यात; पण वाटेवर भेटलेल्या गाडीवानाने जे सांगितले ते व्यापाऱ्याने लिहून घेतले. हा संगमरवर दिलरस बानू बेगमेच्या कबरीसाठी, म्हणजे आज आपण ज्याला बीबी का मकबरा म्हणतो त्यासाठी, चालला होता. बेगम १६५७ त वारली. इमारतीवर अताउल्ला हा शिल्पकार व हंसपतराय हा कारागीर ह्यांची नावे आणि हिजरी १०७१, म्हणजे इसवी १६६०-६१, हे साल कोरलेले आहे. ताव्हेर्नियेने गाड्या पाहिल्या, आणि इमारत संगमरवराने मढविली आहे असे लिहून तो पुढे गेला.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी दुसरा एक फ्रेंच माणूस तीच इमारत पाहावयास उभा राहिला. त्याचे नाव जाँ द थेवनो. हा पॅरिसचा, १६३३ त जन्मलेला, व्यापारी नव्हे आणि धर्मोपदेशकही नव्हे. घरचे बरे होते, पुस्तके वाचून प्रवासाची ओढ लागली, आणि तुर्की, अरबी व फारसी शिकून तो केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडला. आजच्या अर्थाने ज्याला पर्यटक म्हणावे असा हा बहुधा ह्या शहराचा पहिलाच युरोपीय पाहुणा होय. १० जानेवारी १६६६ रोजी तो बसऱ्याहून सुरतेस उतरला, गुजरात पाहून आला, आणि मार्चच्या आरंभी, थंडी सरता सरता, गोवळकोंड्याच्या वाटेवर येथे पोचला.

त्याने मकबरा पाहिला आणि त्याच्या सौंदर्याची वाखाणणी केली. घुमट, चार मिनार सगळे नोंदले. पण पुढे तो म्हणतो की ही इमारत घोटीव पांढऱ्या दगडाची असून पुष्कळ लोक त्याला संगमरवर समजतात, तरी कठीणपणात आणि चकाकीत तो संगमरवराच्या पायरीला येत नाही. हे वाक्य वाचले म्हणजे हा मनुष्य भिंतीजवळ गेला होता, त्याने तिला हात लावला होता, हे उमगते. खरी स्थिती अशी की मकबऱ्यात संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यापुरता, जाळीपुरता आणि मधल्या घुमटापुरता. बाकी सारे शुभ्र गिलाव्याचे काम आहे. ताव्हेर्नियेने गाड्यांवरून इमारतीचा अंदाज केला. थेवनोने इमारतीवरूनच इमारत ओळखली. गिलाव्याला दगड समजण्यात त्याची थोडी चूक झाली असेल, पण 'हा संगमरवर नव्हे' एवढे त्याच्या बोटांना कळले. आग्र्याच्या ताजाशी तुलना करून मकबऱ्याला नाक मुरडणारे प्रवासी पुढे शेकड्यांनी आले. त्यांतील किती जणांनी भिंतीला हात लावला असेल कोण जाणे.

मला थेवनोचे विशेष वाटते ते ह्याहून निराळ्या कारणासाठी. मोठ्या इमारतीचे वर्णन आटोपल्यावर तो रस्त्यात येतो. शहराला तट नाही, हे तो पहिल्याने सांगतो. घरे बहुतेक दगडी आणि बरीच उंच आहेत, आणि घरांच्या दारांपुढे, भर रस्त्यात, पुष्कळ झाडे लावलेली आहेत, हे तो लिहितो. बागा नीट राखलेल्या आहेत, त्यांत द्राक्षे व इतर फळे होतात. येथे त्याने सफरचंदे खाल्ली; ती दुर्मिळ म्हणून लोकांना त्यांचे कौतुक फार. मार्च नुकताच लागला असूनही शेतांतली पिके कापून झालेली पाहून त्याला नवल वाटले, कारण त्याच्या देशात त्या वेळी शेत हिरवे असते. आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे मेंढरे. बिनशिंगांचे, इतके दणकट मेंढे त्याने येथे पाहिले की त्यांना लगाम घालून, खोगीर चढवून दहा-दहा वर्षांची पोरे त्यांच्यावर बसत आणि मन मानेल तिकडे फिरत.

हे मेंढे कोणत्याही बखरीत नाहीत, फर्मानात नाहीत, शिलालेखात नाहीत. सुभेदार कोण, फौज किती, महसूल किती, हे सांगणारी साधने आपल्यापाशी पुष्कळ आहेत. परंतु १६६६ च्या फाल्गुनात औरंगाबादेच्या रस्त्यावर पोरे काय खेळत होती, हे पॅरिसच्या एका भटक्याने लिहून ठेवले म्हणूनच आपणांस ठाऊक आहे. गावच्या माणसाला ते लिहावेसे वाटले नसते. रोज दिसणारी गोष्ट कोण लिहितो? पाहुण्याच्या पाहण्याला जी किंमत आहे ती ह्याच ठिकाणी आहे; आणि इमारतींच्या यादीत नेमकी हीच गोष्ट सापडत नाही.

आता वेरूळ. लेण्यांची कीर्ती थेवनोच्या कानांवर सुरतेतच आली होती. येथे पोचताच त्याने दुभाष्या शोधला. तो मिळेना, तेव्हा त्याने एकट्यानेच जावयाचे ठरविले. आपले बैल थकलेले म्हणून त्यांना विसावा दिला, एक लहान गाडी भाड्याने केली, जवळच्या प्यादांत आणखी दोघांची भर घातली, सामानावर आपला माणूस बसविला, आणि रात्री नऊ वाजता तो निघाला. वाटेत चोरांचे भय आहे असे लोकांनी बजावले. हत्यारे जवळ होती. शिवाय एवढी नावाजलेली लेणी न पाहता जाण्यापेक्षा थोडा धोका पत्करलेला बरा, असा त्याने हिशेब केला. रस्ता खाचखळग्यांचा, पहाटे दोनच्या सुमारास तो दौलताबादेशी आला व पाचपर्यंत पडून राहिला. पुढे घाट लागला. खडक फोडून केलेली ती वाट फरसबंदीसारखी गुळगुळीत होती, आणि गाडी उलटून दरीत जाऊ नये म्हणून कडेने तीन फूट जाड व चार फूट उंच भिंत घातलेली होती. बैलांना चढ सोसेना, तेव्हा प्यादे मागून गाडी लोटू लागले. बैलांइतकेच श्रम माणसांनीही केले, हे तो न विसरता लिहितो. माथ्यावर येताच त्याला गावे, बागा, आमराया आणि नांगरलेली जमीन ह्यांनी भरलेले विस्तीर्ण पठार दिसले. साडेसातच्या सुमारास एका मोठ्या तलावावरून पुढे जाऊन तो दगडी फरसबंदीच्या एका चौकापाशी गाडीतून उतरला, आणि जोडे काढून आत गेला. हा खुलताबादचा परिसर. औरंगजेबाची कबर तेथे व्हावयास अद्याप एकेचाळीस वर्षे होती.

मग लेणी. खांब, अर्धस्तंभ, हजारो मूर्ती, आणि हे सगळे एकाच डोंगराच्या अंगातून कोरून काढलेले, हे पाहून तो दिपून गेला. ही कामे मानवी शक्तीच्या पलीकडची आहेत असे त्याने म्हटले. त्याला जोडून, ज्या काळी ती झाली त्या काळचे लोक अगदीच रानटी नसले पाहिजेत, जरी कोरीव काम आमच्याकडच्यासारखे नाजूक नाही, असा शेराही त्याने मारला. हा शेरा आज वाचताना हसू येते. त्या काळच्या पॅरिसकराकडून ह्याहून अधिक उदारपणाची अपेक्षा करणेही व्यर्थ होते. पण त्यापुढचे त्याचे बोलणे अधिक मोलाचे आहे. एवढे सारे आपण अवघ्या दोन तासांत पाहिले, येथील नवलाई नीट पाहावयाची तर अनेक दिवस पाहिजेत, परंतु औरंगाबादेस सोबतची मंडळी निघून जातील म्हणून उत्सुकतेला आवर घालावा लागला आणि ते मनाला लागले, असे तो सांगतो. युरोपातून आलेल्या माणसाने केलेले वेरूळचे हे पहिले सविस्तर वर्णन. त्याच्या मुळाशी रात्रभराचा प्रवास आणि दोन तासांचे पाहणे एवढेच भांडवल आहे.

आमच्या महाविद्यालयीन सहलींतही वेरूळच्या वाट्याला साधारण दोनच तास येतात, आणि त्यांतला अर्धा वेळ कैलासासमोर छायाचित्रे घेण्यात जातो. तेव्हा वेळ थोडा मिळाला ह्याबद्दल थेवनोला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. फरक एवढाच की आपल्याला किती थोडे दिसले, ह्याची त्याला जाणीव होती.

आणि तरीही त्याच्या दृष्टीतून काय निसटले ते पाहा. १६६६ चा मार्च महिना महाराष्ट्राच्या इतिहासात दुसऱ्याच एका प्रवासाने प्रसिद्ध आहे. ५ मार्चला शिवाजी महाराज राजगडाहून आग्र्यास निघाले, आणि त्यांची वाट ह्याच शहरावरून गेली. भीमसेन सक्सेना ह्या कायस्थ लेखकाने आपल्या फारसी आत्मवृत्तात ह्या मुक्कामाची हकीकत दिलेली आहे. महाराजांची कीर्ती आणि त्यांच्या स्वारीचा थाट ऐकून शहरातील लोक त्यांना पाहण्यासाठी बाहेर लोटले. सुभ्याचा अंमलदार सफशिकनखान मात्र सामोरा गेला नाही; एका मराठा जमीनदाराला आपण काय म्हणून सामोरे जावे, अशा घमेंडीत तो कचेरीत बसून राहिला व त्याने पुतण्याला पाठविले. महाराजांनी खानाच्या कचेरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते थेट आपल्या मुक्कामी गेले. दिवस कलताना खानाला आपल्या अधिकाऱ्यांसह त्यांच्या भेटीस यावेच लागले. दुसऱ्या दिवशी महाराजांनी परतभेट दिली, ती मात्र पूर्ण सौजन्याने.

म्हणजे थेवनोची गाडी आणि महाराजांची स्वारी ह्यांत अंतर पडले ते फार तर काही दिवसांचे, नाही तर दोन-तीन आठवड्यांचे. त्या वेळी थेवनो गोवळकोंड्याच्या वाटेस लागलेला असावा. शिवाजी महाराजांचे नाव त्याला अपरिचित नव्हते. १६६४ च्या सुरतेच्या लुटीच्या कथा त्याने तेथे ऐकल्या होत्या, आणि ऐकीव माहितीवरून त्याने महाराजांचे वर्णनही दिले आहे: ठेंगणी मूर्ती, सावळा वर्ण, बुद्धीचे तेज दाखविणारे चंचल डोळे, बहुधा एकभुक्त. ज्याच्याविषयी तो इतके आवडीने लिहितो, तो पुरुष ह्याच रस्त्यांवरून गेला, सारे गाव त्याला पाहावयास धावले, आणि पाहण्यासाठीच जन्म वाहिलेला हा मनुष्य तेवढ्यात पुढे निघून गेला होता. असे हुकणे प्रत्येक प्रवाशाच्या नशिबी असते, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

दुसरीही एक गोष्ट त्याच्या पायांखालून गेली. दारांपुढची झाडे त्याला दिसली. त्या झाडांना पाणी कोठून येते हे त्याने विचारले नाही. मलिक अंबराने उत्तरेकडच्या डोंगरांतले झरे धरून, जमिनीखालून खापरी नळांनी पाणी शहरात आणले होते. ठिकठिकाणी उभारलेल्या दगडी बंबांतून नळांतली हवा बाहेर पडे व पाण्याचा जोर राखला जाई. ही नहर-इ-अंबरी पुढे शतकानुशतके गावाची तहान भागवीत राहिली. अठराव्या शतकातील पाणचक्कीचे पाणी अशाच दुसऱ्या एका नहरीचे. गुलमंडीचे नाव फुलांच्या बाजाराचे. द्राक्षे आणि बागा ज्या गावात पिकल्या, त्या गावात फुलांचा बाजार भरला ह्यात नवल नाही. त्या सगळ्याच्या तळाशी हे न दिसणारे पाणी होते. आज गुलमंडीत दिवाळीच्या आठवड्यात सुपारी हनुमानापासून पैठण दरवाजापर्यंत माणसाला माणूस लागते. पण पायांखाली एके काळी काय वाहत होते, हे त्या गर्दीला विचारले तर दहांत एकही सांगणार नाही. तेव्हा न पाहण्याचा दोष एकट्या पाहुण्याचा नव्हे.

पुढच्या काळाचा आढावा थोडक्यात घेतो. इंग्रजी अंमलात मरेच्या प्रवासपुस्तकासारखी मार्गदर्शक पुस्तके निघाली, १९०० साली मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडी येथे आली, आणि थंडीच्या हंगामातला पाहुणा यादी हातात घेऊनच उतरू लागला: मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, वेरूळ, आणि जमल्यास अजिंठा. रात्री नऊला निघून पहाटे घाटात गाडी लोटण्याची गरज उरली नाही. त्याबरोबर घाटाच्या कडेची भिंत किती फूट जाड आहे हे पाहण्याची गरजही उरली नाही.

ह्या गर्दीत एक निराळी जात मात्र होती. ती म्हणजे चार दिवसांसाठी न येता अनेक हिवाळे काढणाऱ्यांची. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत बसला. त्याने पाठविलेल्या जवळजवळ सर्व नकला ३० डिसेंबर १८६६ रोजी लंडनच्या स्फटिकगृहाला लागलेल्या आगीत जळाल्या, आणि तो पुन्हा कामाला लागला. १८७९ त तो वारला. त्याची कबर भुसावळास आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत त्याच चित्रांच्या नव्याने नकला केल्या. त्यांपैकीही बऱ्याच लंडनमधील दुसऱ्या आगीत गेल्या. मग ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही बाई १९०९-१० व १९१०-११ अशा दोन हिवाळ्यांत फर्दापुरास तळ देऊन राहिली. तिच्या मदतीस नंदलाल बसू, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा हे तरुण चित्रकार आणि हैदराबादचे सय्यद अहमद व फजलुद्दीन हे होते. ह्या लोकांनी अजिंठा पाहिला असे म्हणावयास हरकत नाही. पण सर्वांनाच हिवाळेच्या हिवाळे घालविता येत नाहीत. आपला विषय चार दिवसांच्या पाहुण्याचा आहे.

आता नाणे उलटे करू. आपल्या लोकांपैकी युरोपातील हिवाळे ज्याने खऱ्या अर्थाने भोगले असा पहिला मोठा माणूस म्हणजे सातारकरांचा वकील रंगो बापूजी. १८३९ त प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केल्यावर त्यांची दाद मागण्यासाठी तो लंडनला गेला आणि १८५३ पर्यंत तेथेच राहिला. १८४७ त धनी काशीस वारला, तरी ह्याने दावा सोडला नाही. लंडनचे धुके, कोळशाचा धूर आणि दुपारीच पडणारा अंधार ह्यांत त्याने जे लंडन पाहिले, ते कंपनीच्या भागीदारांच्या सभांचे व कचेऱ्यांच्या जिन्यांचे लंडन होते. ते कोणत्याही यादीत नाही.

आपण तर सुखाने जातो. तेव्हा पहिली गोष्ट उजेडाची. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो. पॅरिसला व व्हिएन्नाला सव्वाआठ तासांचा, आणि लंडनला आठही भरत नाहीत. व्हिएन्नात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या सवयीने न्याहारी, आंघोळ आटोपून दहाला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाच्या हाती उजेडाचे सहा तास उरतात. म्हणून इमारतींची बाहेरची अंगे, नदीकाठ, पूल हे सकाळी पाहावे, आणि छपराखालची वस्तू अंधारासाठी राखून ठेवावी. दुसरी गोष्ट सणाची. आपल्या सणाला गुलमंडी रात्रभर उघडी असते, तशीच तिकडेही असेल असे समजून मंडळी नेमकी नाताळच्या दिवशी बाहेर पडतात. त्या दिवशी लंडनमध्ये भुयारी गाड्याही चालत नाहीत; पॅरिसचे लूव्र त्या दिवशी व १ जानेवारीस बंद असते, शिवाय दर मंगळवारी बंद असते ते वेगळेच. तिसरी गोष्ट बाजाराची. ड्रेस्डेनचा नाताळबाजार १४३४ पासूनचा, स्ट्रासबुर्गचा १५७० पासूनचा; देवळाच्या दाराशी भरणारे, मेणबत्त्या, खेळणी आणि गोडधोड विकणारे हे बाजार आपल्या माणसाला पाहताक्षणी कळतात. परंतु जर्मनीतील बहुतेक बाजार नाताळच्या आदल्या दिवशीच उठतात. सुटी लागल्यावर निघालेल्या आपल्या पाहुण्याला तेथे नुसत्या फळ्या उतरविणारी माणसे दिसतात. बाजार पाहावयाचा तर आठवडाभर आधी निघाले पाहिजे.

छपराखाली काय पाहावे ह्यावर मी एकच सांगेन: थोडे पाहावे. व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात ब्रॉयगेल ह्या चित्रकाराचे १५६५ सालचे एक चित्र आहे. बर्फात तीन शिकारी आणि त्यांचे कुत्रे टेकडी उतरत आहेत. खाली गोठलेल्या तळ्यांवर गावची माणसे खेळत आहेत. एका अंगास दारापुढे जाळ पेटविला आहे. खिडकीबाहेर खरोखरीचा हिवाळा असताना ह्या एका चित्रापुढे अर्धा तास बसावे. चारशे साठ वर्षांपूर्वी त्या मुलखात थंडीत पोरे काय खेळत, शिकारीला काय मिळे, घरे कशी होती, हे सारे त्यात आहे. थेवनोच्या मेंढ्यांसारखेच ते कोणत्याही फर्मानात नाही. तेथून निघून एखाद्या कॉफीगृहात शिरावे. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांची जुनी चाल अशी की एक पेला कॉफी घेतली की लाकडी दांडीला अडकविलेली वर्तमानपत्रे वाचीत कितीही वेळ बसावे, कोणी उठवीत नाही. जर्मन येत नसले तरी चालेल. भोवतालची माणसे वाचता येतात.

लंडनला जाणाऱ्यांनी ग्रिफिथ्सच्या नकलांपैकी आगीतून वाचलेल्या ज्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत, त्यांची चौकशी अवश्य करावी. अजिंठ्याच्या भिंतीवरचा जो रंग गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत उडाला, त्याचा काही अंश तेथे कापडावर शिल्लक आहे. फर्दापूरपासून दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने आपल्या डोंगरातले चित्र टेम्सच्या काठी पाहावे, हे विपरीत खरे; पण ज्यांनी ते लिहून, उतरवून नेले त्यांच्यामुळेच ते पाहावयास उरले.

थेवनोला हे लिखाण छापलेले पाहण्याचे भाग्य लाभले नाही. फेब्रुवारी १६६७ मध्ये त्याने सुरत सोडली. त्या उन्हाळ्यात इस्पहानला असताना चुकून पिस्तूल सुटून तो जखमी झाला, आणि परतीच्या वाटेवर, २८ नोव्हेंबर १६६७ रोजी, इराणातील मियाना ह्या गावी वयाच्या चौतिसाव्या वर्षी मरण पावला. हिंदुस्थानच्या प्रवासाचा त्याचा भाग पॅरिसमध्ये १६८४ साली प्रसिद्ध झाला. औरंगाबादेला तट नाही, असे त्यात छापले होते. त्याच्या दोन वर्षे आधी, १६८२ त, मराठ्यांच्या धाडींच्या भयाने औरंगजेबाने शहराभोवती तट घातला होता.